मागच्या अंगणातली ऊब

१५ नोव्हेंबर १९८१, रविवार

आलो एकदाचे नाशकात! नवं घर, नवी वही, तेव्हा वर्गात नव्या मुलीने सांगावी तशी आधी ओळख सांगते. मी चांगुणा वाल्मीक पगारे, प्राथमिक शिक्षिका. आजवर पेठ तालुक्यात होते, उद्यापासून गंगापूर गावच्या शाळेत. हे पाटबंधारे खात्यात कारकून. आणि तिसऱ्या आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, तानुबाई. सासरे लवकर गेले, पण जोडवी-बांगड्या त्यांनी उतरवल्या नाहीत; लोकांच्या मळ्यांत खुरपणी करून त्यांनी मुलाला मॅट्रिक केलं. लग्नात मला म्हणाल्या होत्या, "मला सून नको, घरात बोलायला माणूस पायजे." तेव्हापासून आमचं बोलणं काही संपलेलं नाही.

घर गंगापूर रोडपासून जरा आत आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पुढे ओटा, वर मंगलोरी कौलं. मालक मुंबईला असतात, त्यांची कटकट नाही. पण खरी चैन आहे ती बागेची. पुढे जास्वंद आणि मोगरा, बाजूला पेरू, आणि मागे एवढं मोठं अंगण की वांगी, मेथी, कोथिंबीर, वाटेल ते लावावं. मागच्या तारेपलीकडे लांबपर्यंत द्राक्षांचे मांडव. आत्याबाई ट्रकमधून गुडघे धरून, 'आई गं' करत उतरल्या, पण फाटकातून आत शिरणाऱ्या पहिल्या त्याच. मूठभर माती उचलून त्यांनी चुरली, हुंगली आणि म्हणाल्या, हिला नुसतं खत घाल, मग बघ कशी पिकते ती.

तथागतांचा आणि बाबासाहेबांचा फोटो लावला, त्रिशरण म्हटलं, मग खोक्यांच्या मधे बसून पिठलं-भाकरी खाल्ली. जेवताना हे गुणगुणत होते. हे कधी गुणगुणत नाहीत.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

खताचा ढीग कुठे घालायचा यावर आज घरात परिषद भरली.

यांनी ऑफिसातल्या कुणाकडून तरी शेतकीची पुस्तिका आणली आहे. तीत लिहिलंय की जागा सावलीची असावी, पाणी साचणारी नसावी आणि घरापासून फार लांब नसावी, नाहीतर बायकांना कचरा टाकायला जायचा कंटाळा येतो. (पुरुषांना येत नसावा!) यांचं मत पेरूखाली. आत्याबाईंचं मत शेजारच्या भिंतीला लागून, कारण वारा तिकडून घरात येत नाही. माझं मत मागच्या कोपऱ्यात. तिथे बैलगाडीच्या चाकाएवढी गोल जागा आयतीच उघडी पडली आहे. भोवती हरळी नुसती माजलीय, पण त्या चाकात एक काडी नाही. सकाळी सगळ्या गवतावर दव होतं, तिथे तेही नव्हतं.

आत्याबाई म्हणाल्या की जिथं गवत उगवत नाय त्या जागेत कायतरी खोट असती. मी म्हटलं, बरंच की, गवत काढायचे कष्ट वाचले. शेवटी यांनी निकाल आईच्या बाजूने दिला. ते मला आधीच माहीत होतं.

शाळा छान आहे. सकाळची असल्याने दुपारी घरी. पोरं दंगेखोर पण गोड.

२२ नोव्हेंबर, रविवार

पंचवटीच्या भाजीबाजारातून हे सायकलवर पोतं भरून पाला घेऊन आले. कोबीची पानं, मुळ्याचा पाला, सडके टमाटे. बाजारातल्या बायका विचारत होत्या म्हणे, साहेब, गाय पाळली का? भिंतीला लागून आम्ही थरावर थर दिले, पाला, शेण, माती, पुन्हा पाला. आत्याबाई पायरीवर बसून हुकूम सोडत होत्या.

दुपारपर्यंत शेजारच्या कुसाबाई आल्या. मागचा द्राक्षमळा त्यांचाच. बाई मोकळ्या स्वभावाच्या, चहा पिऊन मगच विषय काढला. भिंतीपलीकडे त्यांची न्हाणी आहे आणि आत्ताच वास मारतोय, उन्हाळ्यात काय होईल. त्यांचंही बरोबरच. हे पेरूखाली हलवू म्हणत होते, पण तिथे आम्ही कपडे वाळत घालतो. मग उरला मागचा कोपरा. संध्याकाळच्या आत सगळा ढीग घमेल्यांनी वाहून त्या गोल जागेवर घातला. अगदी मापात बसला, जणू त्याच्यासाठीच ती जागा ठेवली होती.

२९ नोव्हेंबर, रविवार

नवल! कमरेएवढा ढीग गुडघ्याच्या खाली आला आहे. वरचं थोडं बाजूला करून पाहिलं तर आत काळीभोर, भुसभुशीत, गोड वासाची माती. पुस्तिकेप्रमाणे याला काही महिने लागायला हवे होते. यांनी ऑफिसात सांगितलं तर कुणाचा विश्वास बसेना.

दोन घमेली काढून वांग्यांना घातली. ढिगाला हात लावला तर चांगलाच गरम. खत कुजताना उष्णता तयार होते, तेव्हा ते ठीकच आहे. उद्या पाचवीच्या मुलांना हे सांगणार आहे.

थंडी मात्र पेठपेक्षा वाईट. सकाळी शाळेत बोटं वळत नाहीत. आत्याबाईंच्या टाचांना भेगा पडल्यात, रक्त येतं. कोकमाचं तेल गरम करून लावते, तेव्हा मी लहान पोरगी असल्यासारखं माझ्या डोक्यावरून हात फिरवतात.

६ डिसेंबर, रविवार

महापरिनिर्वाण दिन. विहारात गेलो. आत्याबाई आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. या दिवशी त्या कधी घरी राहिलेल्या नाहीत, म्हणून यांना जरा लागलंच.

परत आलो तर त्या मागे ढिगापाशी पाटावर बसलेल्या. पाय घोट्यापर्यंत खतात खुपसलेले. चेहरा इतका शांत की मला हसूच आलं. शेगडीसारखा ऊबारा येतो म्हणाल्या. हे म्हणाले, असू दे, औषधापेक्षा बरं.

एक मात्र लिहून ठेवते. गेल्या आठवड्यात मी ढिगात नारळाच्या करवंट्या टाकल्या होत्या आणि रविवारच्या मटणाची हाडंही. करवंटी कुजायला वर्षं लागतात. आज पहारीने खोलवर उकरून पाहिलं. काही नाही. नुसती माती.

९ डिसेंबर, बुधवार

एका भटक्या मांजरीने ढिगावर पिलं घातली होती. मला काल सकाळी दिसली, चार गोळे, एकमेकांवर झोपलेले. ऊब असते म्हणून तिने ती जागा धरली असणार. मी वरून पोतं आडवं लावलं, वारा लागू नये म्हणून.

आज शाळेतून आले तर मांजर ढिगाभोवती फिरत होती आणि ओरडत होती. पिलं नाहीत. मुंगूस किंवा बोका म्हणावं तर रक्त नाही, केस नाही, काहीच नाही. मांजर ढिगावर पाय ठेवायची आणि झटकन उचलायची. पुन्हा ठेवायची, पुन्हा उचलायची. मी तिला दूध ठेवलं. प्यायली नाही.

आत्याबाई तेव्हा तिथेच बसल्या होत्या. पिलं कुठे गेली विचारलं तर म्हणाल्या, "निजली असत्याल."

१३ डिसेंबर, रविवार

आत्याबाईंच्या भेगा भरल्या! तेल लावायला पाय मांडीवर घेतला आणि चकित झाले. आयुष्यभर अनवाणी राबलेला पाय, त्याच्या टाचा लोण्यासारख्या मऊ. घट्टे नाहीत, भेग नाही. गुडघ्याचंही दुखणं गेलं म्हणतात. हे फार खूश. आईचे पाय दोन्ही हातांत धरून बसले होते.

मग तेलाची वाटी माझ्या हातून कलंडली. तेल कढत होतं, माझी बोटं पोळली. त्यांच्या पावलावर पुष्कळ सांडलं. मी ओरडले. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही. काय झालं गं, असं मलाच विचारलं.

यांना सांगितलं नाही अजून. आज फार आनंदात आहेत.

१६ डिसेंबर, बुधवार

आज ढिगाची खोली बघायची ठरवली. पहार उभी धरून दाबली. माझ्यात जोर किती असणार, पण ती सहज गेली. माझी मूठ मातीला टेकेपर्यंत गेली. मग मी सोडलेली नसताना ती आणखी खाली जायला लागली. सावकाश. कुणीतरी चोखून घ्यावी तशी. मी सोडून दिली. वरचं टोक दिसेनासं झालं आणि माती पुन्हा सपाट.

खाली जुनी विहीर बुजवलेली असणार. पोकळी असणार. मी विज्ञान शिकवते. पोकळीत वस्तू खाली जातात.

कुसाबाईंना विचारलं, इथे विहीर होती का? म्हणाल्या, नाही, त्यांच्या सासऱ्यांपासून ती जागा अशीच. मग आपणहून सांगत बसल्या. आमच्या आधी इथे एक म्हातारा एकटाच राहायचा. बागेचा फार नाद, दिवसभर मागेच बसलेला असायचा. पहिल्यांदा काठी घेऊन चालायचा, मग काठी सुटली, मग चालणंच सुटलं. "गेला कवा ते कोनालाच ठाव नाय बघा. सामान समदं घरात, चपला मागं अंगनात. मालकानं येऊन घर धुतलं नि पुन्हा भाड्यानं दिलं." गावी गेला असेल असं सगळे म्हणतात.

मी घरी येऊन आत्याबाईंचा पाट उचलला आणि माळ्यावर टाकला.

१८ डिसेंबर, शुक्रवार

पाटाशिवायच बसल्या होत्या. जमिनीवर. पाय पोटऱ्यांपर्यंत आत.

धरून उठवलं, धुतले पाय. पायाच्या बोटांना नखं नाहीत. एकालाही नाही. बोटं आखूड झाली आहेत. मी मोजमाप कधी केलं नव्हतं, पण जोडवी घातलेलं बोट मला ठाऊक आहे, रोज तेल लावते मी. जोडवं नाही. ते अडकून राहील एवढं बोटच राहिलेलं नाही. जखम नाही, रक्त नाही. गुळगुळीत.

यांना दाखवलं. हे तसेच रिक्षा बघायला धावले.

रिक्षाने डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पाय उलटसुलट करून पाहिले. सुई टोचली, आत्याबाई हसत होत्या. हा कुष्ठरोग नाही म्हणाले, मग काय ते मलाही सांगता येत नाही. मुंबईला मोठ्या दवाखान्यात न्या, चिठ्ठी देतो. येताना रिक्षात आत्याबाई थंडीने कुडकुडत होत्या. भर दुपारी, उन्हात. मला म्हणाल्या, लवकर चल गं, मला तिथं बसू दे.

यांना मंगळवारनंतरची रजा मिळेल. शुक्रवारचं मुंबईचं तिकीट काढलं.

२० डिसेंबर, रविवार

ढीग काढून टाकला. कुसाबाईंचा गडी निवृत्ती मदतीला आला. हे आणि तो पाटीने भरून मळ्यात नेऊन टाकत होते, मी दुरून पाहत होते. दोघांनाही बूट घालायला लावले. निवृत्ती म्हणाला, असलं सोन्यासारखं खत कुनी देतं का. मी त्याला म्हटलं की हात लावू नकोस, नुसता फावड्याने उचल. तो हसला.

खाली विहीर नव्हती. कठीण मुरूम होता. पोकळी नाही, काही नाही. पहारही नाही.

वर मुरूम टाकून चोपून शहाबादी फरश्या घातल्या. आत्याबाई खाटेवरून खिडकीतून बघत होत्या आणि रडत होत्या. तिचा नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नसेल, असं हे म्हणाले. मी यांना म्हटलं, तुमचे वडील म्हणा. काय बोलतो आपण, हे कळेनासं झालंय दोघांनाही.

२२ डिसेंबर, मंगळवार

फरश्या जागच्या जागी आहेत. मी रोज पाय न ठेवता लांबून बघते.

पण आज सकाळी सगळ्या अंगणावर दव होतं आणि स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीलगत एक जागा कोरडी होती. गोल. काल तिथे गवत होतं. आज काळी माती.

जागा आम्ही निवडली असं वाटत होतं.

मागच्या दाराला कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला.

२३ डिसेंबर, बुधवार

आत्याबाई दिवसभर दाराकडे तोंड करून. जेवल्या नाहीत. चार गोधड्या घातल्या तरी थंडी. पावलं आता टाचेपर्यंतच उरली आहेत. खतापासून दूर ठेवलं तरी थांबत नाही. चालता येत नाही.

माझ्याशी बोलत नाहीत. लग्नानंतर पहिल्यांदा.

उद्या एक दिवस. परवा सकाळची गाडी. एकच दिवस.

उद्या शाळेत जाणं भाग आहे, घटक चाचणीचे पेपर. हे घरी थांबतील.

२४ डिसेंबर, गुरुवार, दुपार

मला लिहिलंच पाहिजे, नाहीतर मी

शाळेतून आले. मागचं दार उघडं. कुलूप तुटलेलं नव्हतं, चौकटीखालची माती इतकी मऊ झाली होती की चौकटच खचली होती. हे पुढच्या खोलीत बॅग भरत होते. यांना काही ऐकू आलं नाही. खाटेवर गोधड्या तशाच, माणूस झोपल्यासारख्या.

त्या पायरीलगत होत्या. छातीपर्यंत. पदर मातीवर नीट पसरलेला. आंघोळीला बसावं तशा.

मी हाक मारली, हे धावले. मी हात धरला, यांनी काखेत हात घातले आणि ओढलं. आल्या. फार हलक्या आल्या. लुगडं रिकामं होतं. कमरेखाली नुसतं लुगडं —

यांच्या हातून सुटल्या. मी सोडलं नाही. मी हात सोडला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, अगदी ओळखीचं, रोजचं पाहणं. "सोड गं माय," म्हणाल्या, "लय ऊबारा हाय."

मी सोडला नाही. हातच — भिजल्या कणकेसारखा —

माझ्या मुठीत बांगड्या राहिल्या.

संध्याकाळ

हे खणत आहेत. थांबवता येत नाही. खाली मुरूम लागतो, तो फोडतात, पुन्हा मुरूम. काही नाही. पोलिसांत काय सांगायचं? कुसाबाई आल्या होत्या. आत्याबाई कुठे आहेत विचारलं. मी म्हटलं, गावी गेल्या.

मीही तेच म्हटलं.

यांना हात धरून आत आणलं. बूट काढलेले होते. मी विचारलं बूट का काढले. म्हणाले, आईवर बूट घालून कसा उभा राहू.

२५ डिसेंबर, शुक्रवार, सकाळ

हे पेठच्या घरी परत जायला तयार झाले. बॅगा पुढच्या ओट्यावर ठेवल्या. मी रिक्षा आणायला नाक्यापर्यंत गेले. नाताळची सुट्टी, रिक्षा मिळेना. मिळाली. आले.

हे ओट्यावर नाहीत.

मागे —

आई हाक मारत होती म्हणतात. स्पष्ट ऐकू आलं. 'वाल्या' म्हणून. लहानपणी म्हणायच्या तसं.

गुडघ्यांपर्यंत आहेत. मी पायरीच्या आत आहे. दोर टाकला, यांनी काखेतून बांधून घेतला, दुसरं टोक खिडकीच्या गजाला. ओढू नकोस म्हणाले. काल बघितलंस ना, ओढू नकोस. रिक्षावाल्याला कुसाबाईंच्या मळ्यात पिटाळलंय. निवृत्ती माणसं आणि शिडी घेऊन येईल. फळ्या आणेल.

हे शुद्धीवर आहेत. दुखत नाही म्हणतात. मी हात पुढे केला तर ओरडले माझ्यावर. आयुष्यात कधी ओरडले नाहीत. "हात देऊ नकोस, चांगुणा. मी मागितला तरी देऊ नकोस. तुझी वही आण आणि लिहीत बस. हात गुंतलेले राहू देत."

म्हणून लिहीत आहे. स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून. बघत आहे आणि लिहीत आहे.

मळ्यातून आवाज येतात. माणसं येत असतील.

मांड्यांपर्यंत.

हे बोलत आहेत. पेठला पहिल्या पावसात सायकल — नाही, ते नको लिहायला. बोला म्हटलं, बोलत राहा. यांनी सांगितलं की कौलांवर आज ऊन कसं पडलंय बघ. मी बघितलं नाही. मी यांच्याकडे बघत आहे.

आता हसले. खूप दिवसांनी. चेहऱ्यावरची सगळी काळजी गेली आहे. आत्याबाई अशाच —

कुसाबाई भिंतीवरून ओरडतायत, आलो, आलो.

कमरेपर्यंत. दोर सैल पडला.

"चांगुणा, ये ना. थंडीत कशाला बसलीस."

नाही. हे ते नव्हेत. हेच म्हणाले होते, मागितला तरी देऊ नकोस. हेच म्हणाले होते.

"एकटा आहे गं मी."

फाटक वाजलं. निवृत्ती. शिडीचा आवाज. थोडंच, अहो, थोडंच थांबा, आले ते, घराला वळसा घालून —

छाती. खांदे. डोळे माझ्याकडे. तेच डोळे. त्यांना मी ओळखते. यांनी हात वर केला आहे. नुसता हात उरला आहे वर, बोटं उघडी, आणि कुणी धरायला नाही.

मी लिहीत आहे. उजवा हात गुंतलेला आहे. डावा